नोटीस येते तेव्हा आपण कुठे असतो?

दर रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडतो. टेबलावर रजिस्टर, स्टेपलर, शाईचा पॅड आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून लोक येतात. कुणाला घरकुलाचा अर्ज भरायचा असतो, कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाला घरमालकाने महिन्याअखेर खोली खाली करायला सांगितलेली असते. आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे, एक शिक्षक आहेत आणि बाकीचे आम्ही समाजकार्य करणारे. पगार कुणालाच नाही. चहा विहाराचा.

आमच्या कामाचं कौतुक करायला हा लेख लिहिलेला नाही. आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो आणि मग त्या चुकीतून जे कळलं ते मांडतो.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी आल्या. सोबत सेंट्रिंगच्या कामावर जाणारा मुलगा. बौद्धवाड्यात भावाभावांत जागा पुरेना म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी गावठाणाला लागून असलेल्या सरकारी जागेत दोन खणांचं घर बांधलं होतं. मावशींचं लग्न त्याच घरात झालं, दोन्ही मुलं तिथंच झाली.

"तेवढं घरकुलाचं भरून द्या की ओ," मावशी म्हणाल्या.

आम्ही रमाई आवास योजनेचा अर्ज काढला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स. दीड तास लागला. सगळे रकाने नीट भरले, सह्या-अंगठे घेतले. उठता उठता मावशींनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. "आणि ह्ये कायतरी आलंय. मामंजींच्या नावानं हाय, त्ये तर कधीच वारले."

बाहेर अजून बरीच माणसं थांबली होती. आम्ही कागदावर ओझरती नजर टाकली आणि म्हणालो, "पुढच्या रविवारी आणा, निवांत बघू."

तो कागद अतिक्रमण काढण्याची नोटीस होती. खुलासा द्यायला सात दिवस होते आणि त्यातले चार आधीच गेले होते. पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. नंतर मुलाचा फोन आला. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा भिंती पडल्या होत्या, मावशी उतरवलेल्या पत्र्यांच्या ढिगावर बसल्या होत्या आणि शेजारी एक लोखंडी ट्रंक होती. ट्रंकेत काय आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी ती उघडून दाखवली. आत वीस-बावीस वर्षांच्या घरफाळ्याच्या पावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. त्याखाली वीजबिलं.

ग्रामीण भागात शासकीय जमिनीवर 1 जानेवारी 2011 पूर्वी राहण्यासाठी केलेलं अतिक्रमण, अटी तपासून, नियमानुकूल करण्याची वाट 16 फेब्रुवारी 2018 च्या शासन निर्णयाने ठेवलेली आहे. त्या वाटेवर मावशींचं घर बसलं असतंच, असं आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण खुलासा देता आला असता, पावत्या जोडता आल्या असत्या, सुनावणी मागता आली असती. पुरावा ट्रंकेत होता, नोटीस पिशवीत होती आणि आम्ही टेबलामागे बसून घरकुलाचा अर्ज भरत होतो. ज्या जागेवर घर बांधायला पैसे मागितले, ती जागाच त्या पंधरवड्यात गेली.

बाबासाहेब बडोद्यात बेघर का झाले?

बेघर होणं म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला कुणी शिकवायची गरज नाही. 1917 साली बाबासाहेब अमेरिकेतलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीला गेले. नोकरी पक्की होती आणि डोक्यावर महाराजांचा वरदहस्त होता. तरी राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला सांगून गेली. सरकारी बंगला मागून झाला होता, पण निर्णय लांबणीवर होता. ओळखीच्या दोघांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे.

आपण ही गोष्ट जयंतीच्या भाषणात सांगतो आणि अस्पृश्यता किती क्रूर होती यावर थांबतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. बाबासाहेबांकडे पात्रता होती, पद होतं, अर्जही केलेला होता. त्या दिवशी बडोद्यात नव्हतं ते एवढंच: त्यांचा कागद योग्य टेबलावर नेणारं आणि लाठ्या घेऊन आलेल्यांसमोर त्यांच्या बाजूने उभं राहणारं एक माणूस. हक्क आणि छप्पर यांच्यामध्ये माणूस लागतो. तो माणूस नसला तर पदव्या घेतलेल्यालाही बागेत बसावं लागतं. मग अंगठा उठवणाऱ्या मावशींचं काय?

ज्या कोल्हापुरात आम्ही बसतो तिथल्या राजाला हे कळलं होतं. शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, राखीव जागा दिल्या, हे सगळे सांगतात. त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदाही दिल्या, हे फार कमी जण सांगतात. कायदा करून भागत नाही, तो कायदा आपल्या माणसाच्या तोंडून कचेरीत बोलला गेला पाहिजे, हे त्यामागचं शहाणपण होतं.

आपल्याच घरांना कागद का नसतो?

"सरकारी जागेत घर बांधलं, मग पडणारच की," असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. बौद्धवाडा गावाच्या कडेला का आहे? वतनाची जमीन भावकीत तुकडे होत होत किती उरली? गावठाण वाढवायची वेळ आली तेव्हा ते आपल्या बाजूने किती गावांत वाढलं? एका खोलीत तीन भावांचे संसार मावेनात, तेव्हा चौथ्याने जायचं कुठे? तो गायरानात गेला, ओढ्याकाठी गेला, शहरात आला तर नाल्याकाठी गेला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची, मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरान अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सांगितलं, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवला. 2022 च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशावरून गायरानातल्या घरांना नोटिशा निघाल्या, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातही मोर्चे निघाले. मोर्चात हजारो होते. आपापल्या नोटिशीला लेखी उत्तर दिलेले किती होते, हा प्रश्न तेव्हा आम्हीही विचारला नाही.

रमाई आवास योजना चांगली आहे. शहरात अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण ती घर बांधायला पैसे देते आणि पायाखाली जागा आहे असं गृहीत धरते. जागा घेण्यासाठी अर्थसहाय्याची योजना वेगळी आहे, तिचा अर्ज वेगळा, तिचं टेबल वेगळं. त्यात जातीच्या दाखल्याची कथा वेगळीच. शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं असतं, मग पूर्वीची जात दाखवा, 1950 पूर्वीचा पुरावा आणा. धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण पणजोबाच्या नावाचा कागद शोधायचं काम अजून आपल्याच बायाबापड्या करतात.

कुठल्या दिवशी काय करता येतं

आमच्या रजिस्टरकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. बहुतेक लोक मुदत संपल्यावर येतात. आजारपणात जसं, तसंच इथंही. पहिल्या दिवशी जे साध्या कागदावर होतं, ते शेवटच्या दिवशी वकील करूनही होत नाही. म्हणून आता आमच्या टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला आहे: "कुठली नोटीस आलीय का? कुणी घर सोडा म्हणून सांगितलंय का?" योजना नंतर, तारीख आधी.

नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने असली तरी ती घरात राहणाऱ्यांना लागू होऊ शकते, म्हणून वारसांनी उत्तर द्यायचं. उत्तर हाताने लिहिलेलं चालतं. दोन प्रती करायच्या आणि एका प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का द्यायला कुणी टाळाटाळ केली तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. घरफाळ्याची पावती मालकी सिद्ध करत नाही, पण तुम्ही कधीपासून तिथं राहता ते सांगते, म्हणून जुनी पावती सोन्यासारखी जपायची. शहरातल्या घोषित झोपडपट्टीत राहणाऱ्यांना 1971 च्या झोपडपट्टी कायद्याचं संरक्षण आहे. तिथं सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बाहेर काढता येत नाही.

13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या प्रकरणात निकाल दिला. न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की नोटीस मिळाल्यापासून किमान 15 दिवस द्या, म्हणणं ऐका, कारणं लिहा आणि पाडण्याचा आदेश झाल्यावरही आणखी 15 दिवस थांबा. हा निकाल आपल्या लोकांनी समाजमाध्यमांवर खूप फिरवला. पण त्याच निकालातला अपवाद फारसा कुणी वाचला नाही. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा इथलं अनधिकृत बांधकाम आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडापाडी यांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे नाल्याकाठचा आणि फूटपाथवरचा माणूस, ज्याला या पंधरा दिवसांची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच त्याबाहेर राहिला. त्याला पुन्हा 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाकडे, कलम 21 कडे जावं लागतं. हा फरक टेबलावर बसणाऱ्याला माहीत नसेल तर तो खोटी आशा देतो, आणि खोटी आशा नुसत्या नकारापेक्षा महाग पडते.

वकिलाच्या फीचं भय घालणारे दलाल कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांना सांगायचं की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पूरग्रस्तांचाही त्याच कलमात उल्लेख आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, 15100 हा फोन क्रमांक आहे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे. स्थगिती मागायला आता मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

आडनाव विचारणारं शहर

घर पडलं की माणूस भाड्याने खोली शोधतो आणि तिथं बडोद्याची धर्मशाळा पुन्हा भेटते. मावशी आणि त्यांचा मुलगा कोल्हापुरात आले. खोली पसंत, भाडं पसंत, डिपॉझिट तयार. मग प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" आणि त्यानंतर खोलीला अचानक पुतण्या राहायला येणार असतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला, तेव्हा दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना जात-धर्मावरून नकार मिळतो हे आकड्यांनिशी मांडलं होतं. आम्हाला तो अभ्यास वाचताना नवल वाटलं नाही.

मिळालेली खोलीही टिकत नाही, कारण करार लेखी नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. घर खाली करून घ्यायला पाणी आणि वीज तोडणं हा सगळीकडे चालणारा उपाय, पण कलम 29 प्रमाणे तसं करता येत नाही. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंचं पाणी असंच तोडलं होतं, मुलीच्या दहावीच्या परीक्षेला दोन महिने असताना. आम्ही ते कलम लिहून एक साधं पत्र दिलं आणि सोबत विधी सेवेचे वकील गेले. दोन दिवसांत नळ सुरू झाला. परीक्षा झाल्यावर ताईंनी खोली सोडली, पण स्वतः ठरवलेल्या दिवशी, सामान रस्त्यावर न येता. आमच्या कामात याला मोठा विजय म्हणतात.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही जनगणनेतली बेघराची व्याख्या पाठ केली होती: उघड्यावर, फूटपाथवर, ह्यूम पाइपात, पुलाखाली किंवा रेल्वे फलाटावर राहणारे. 2011 च्या जनगणनेत देशात असे सुमारे 17.7 लाख लोक मोजले गेले. मावशी त्यांत कधीच आल्या नसत्या. त्या आधी बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपत होत्या, मग भाड्याच्या खोलीत. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं बोचकी घेऊन चित्रदुर्ग मठात जातात. तीही व्याख्येत बसत नाहीत. महिनाभराने बेघर होणार असलेल्यांना तर आपल्याकडे नावच नाही. ज्याला नाव नाही, त्याच्यासाठी टेबलही नाही.

मागणी कुणाकडे?

इंग्लंडमध्ये 2017 साली एक कायदा झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. एखादं कुटुंब 56 दिवसांत बेघर होण्याची शक्यता असेल, तर तिथल्या स्थानिक परिषदेने त्याला सल्ला आणि मदत दिलीच पाहिजे. घर जाण्याआधी, कर्तव्य म्हणून. त्याने तिथला प्रश्न सुटला असं नाही. तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारी कुटुंबं तिथंही लाखावर गेली आहेत. सल्ल्याने घरं बांधली जात नाहीत.

आमचे काही कार्यकर्ते मित्रही हेच म्हणतात. "तुम्ही कागद भरत बसलात. मागणी जमिनीची हवी." जमिनीची मागणी आमचीही आहे, ती सोडलेली नाही. पण जमिनीचा लढा वर्षानुवर्षं चालतो आणि नोटीस सात दिवसांची असते. त्या सात दिवसांत कुणी उभं राहिलं नाही तर लढायला माणूस गावात उरतच नाही. शिवाय आमचं रजिस्टर हाच उद्याच्या लढ्याचा पुरावा आहे: कुठल्या गावात, कुणाला, किती मुदतीची नोटीस आली आणि सुनावणी झाली की नाही.

म्हणून शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. राहत्या घराच्या प्रत्येक नोटिशीवर ठळक मराठीत लिहा की उत्तर कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, आणि मोफत वकील कुठे मिळतो. प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि पंचायत समितीत घर जाण्याच्या बेतात असलेल्यांसाठी एक टेबल आणि एक जबाबदार माणूस ठेवा. आणि नोटीस निघाली की तिची प्रत त्याच दिवशी विधी सेवा समितीला पाठवा. या तिन्हींना ना जमीन लागते, ना मोठं बजेट.

चौथी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. जयंतीला आपण वर्गणी काढतो, साउंड सिस्टीम आणतो, कमानी उभ्या करतो. आनंद करावा, आमचा त्याला विरोध नाही. पण ज्या वस्तीत साउंड सिस्टीमचं भाडं एका रात्रीत उभं राहतं, त्या वस्तीत नोटीस वाचून देणारा एक माणूस का उभा राहत नाही? आपल्याकडे निवृत्त तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, बँकवाले, शिक्षक, वकील आहेत. आरक्षणाने त्यांना कचेरीची भाषा शिकवली. ती भाषा आठवड्यातून दोन तास समाजाला परत द्यायची आहे. प्रत्येक विहारात एक टेबल पुरे. आम्ही वापरतो तो नमुना खुलासा आणि कागदपत्रांची यादी कुणीही मागावी, आम्ही देऊ.

मावशी अजून कोल्हापुरात भाड्याने राहतात. तिसरी खोली आहे ही. रविवारी कधीमधी येतात, आमच्यासाठी नाही, वंदनेसाठी. मागे एकदा एक नवी बाई घरकुलाचा अर्ज घेऊन रांगेत बसली होती. मावशी तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि आम्ही काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "बाई, पिशवीत आणि दुसरा कुठला कागद हाय का? त्यो आधी दाखव त्यास्नी."

जय भीम.